शंभर कोंबड्यांची एक पहाट

ब्लँटायरच्या छापखान्यात मी पानं लावतो.
पान दोनवर तीन कॉलमांची जागा
रात्री आठपर्यंत कोरी ठेवायची,
हॅस्टन कामवेंडोसाठी.
तो उशिराच येतो. बोटं काळी,
शर्टाला रस्त्यावरच्या मंडासीच्या तेलाचा वास.

आमच्या चलनाचं नाव क्वाचा, म्हणजे पहाट.
सुट्ट्यांचं नाव तंबाला, म्हणजे कोंबडा.
शंभर कोंबडे मिळून एक पहाट
असा हिशेब आम्ही शाळेत घोकला.
नाण्यावर कोंबडा होताही, तुरेवाला, ऐटबाज.
माझ्या मुलीनं तो कधी पाहिलेला नाही.
"देशानं नाव ठेवतानाच विनोद करून ठेवलाय,"
हॅस्टन म्हणतो, "मी नुसत्या रेघा मारतो."

ज्या गुरुवारी रेडिओनं सांगितलं
की क्वाचाची किंमत 'जुळवून घेण्यात' आली आहे
(जुळवून! जशी गळ्यातली टाय),
त्या रात्रीचं त्याचं चित्र:
कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहत नाही
हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण इथं टोपली केव्हाच उचललेली,
कोंबडा घसा फाटेस्तोवर आरवतोय
आणि सोचे डोंगरामागे अंधार,
नुसता अंधार,
शाईची अख्खी बाटली.

संपादक म्हणाले, शाई महागली, काळं जरा कमी.

कागद बंदरावरून येतो, डॉलर मोजून.
चोवीस पानांची सोळा झाली,
तीन कॉलमांचे दोन.
हॅस्टननं पट्टी लावून जागा मोजली.
"म्हणजे माझंही जुळवून घेतलंत."
कोंबडा लहान झाला. मग पंपावरची रांग आली:
माणसं नाहीतच, नुसते रिकामे डबे
एकमेकांना टेकून डुलक्या काढताहेत.

शनिवारी आम्ही लिंबेच्या बाजारात गेलो.
नाम्वाले मासळी विकते, तळ्यातली सुकी उसिपा,
आमच्याच पान दोनमध्ये बांधून.
कोंबड्याच्या डोळ्यावर खवला चिकटला होता.
हे काढणारा समोर उभा आहे, तिला काय माहीत.
"यानं जन्मात कोंबडा विकलेला नाही," ती म्हणाली.
"पाय बांधून, डोकं खाली करून आणलेला कोंबडा
आरवत नाही रे.
गप्प असतो. मान वळवून बघत राहतो
भाव कोण करतंय ते."

मग तिनं पेला भरला.
भाव मागच्या महिन्याचाच, पेलाही तोच.
फक्त तळाशी कागदाचा बोळा कोंबलेला.
हॅस्टननं वाकून पाहिलं:
बोळ्यातून डोंगराची एक कड बाहेर आली होती,
त्याची सही अर्धी.
"तळ वर आलाय, बाबा," ती म्हणाली,
ना लाजून, ना हसून.
त्यानं पूर्ण पैसे दिले.

त्या रात्री जागा एका कॉलमाची.
त्यानं उभं चित्र काढलं, मथळा नाही, काळंही फार नाही.
मनगटापर्यंत एक हात,
हातात पाय धरलेला कोंबडा,
आणि उघडा डोळा.
तो घरी गेला. अकराला मी पान लावलं,
डोळे मिटत होते, वीज दोनदा गेली,
आणि कोंबडा उलटा दिसला म्हणून
चित्र सरळ केलं.

सकाळी सगळ्या गावानं पाहिलं:
कोंबडा उभा, ताठ,
आणि हात, बाजार, ताडपत्र्या, माणसं
त्याच्या पायांपासून वर आभाळात
उलटी लटकलेली.

मी माफी मागायला उभाच होतो.
हॅस्टननं मान वाकडी करून अंक पाहिला, बराच वेळ.
"राहू दे," म्हणाला.
मग मिनीबससाठी हजार क्वाचा उसने मागितले.
हजार पहाटा.
लिंबेपर्यंतच्या.